मराकास ते कास्तारा: त्रिनिदाद आणि टोबॅगोचे किनारे

टोरांटोतला हिवाळा रेंगाळायला लागला की इथली मंडळी कॅरिबियनची तिकिटं शोधायला लागतात. बहुतेकांची धाव क्युबा, पुंता काना नाहीतर जमैकाकडे असते. विमानतळावरून थेट रिसॉर्ट, मनगटाला पट्टा, आणि निघेपर्यंत तोच एक किनारा. त्रिनिदादला सहलीसाठी जाणारे फार थोडे. आम्ही तिथेच जायचं ठरवलं ते बाबांमुळे. ते पुण्याहून आमच्याकडे आले होते. वेस्ट इंडीज म्हटलं की त्यांच्या तोंडी आधी क्रिकेटमुळे त्रिनिदादच्या राजधानीचं, पोर्ट ऑफ स्पेनचं नाव येतं, नारळाच्या झाडांचं नंतर. मला समुद्र हवा होता, नवऱ्याला पक्षी. एप्रिल महिना तिघांनाही सोयीचा होता, कारण तेव्हा पाऊस नसतो आणि कासवांचा हंगाम सुरू झालेला असतो.

शुक्रवार, पिआर्को विमानतळ

उतरताना खिडकीतून उत्तरेची डोंगररांग दिसते. गर्द हिरवी, मधेमधे पुईची झाडं पिवळीधमक फुललेली. त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सर्वात जवळच्या ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. कधीकाळी ते दक्षिण अमेरिकेला जोडलेलंच होतं, त्यामुळे इथले पक्षी, साप, झाडं सगळी त्या खंडाची. चक्रीवादळांचा नेहमीचा मार्गही या बेटाच्या उत्तरेने जातो.

घ्यायला आलेले ड्रायव्हर काका साठीच्या आसपासचे, चार पिढ्यांपूर्वी बिहारमधून आलेल्या घरातले. गाडीत बसताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘डबल्स खाल्लेत का कधी?’ टोरांटोत त्रिनिदादी लोकांची इतकी दुकानं आहेत की खाल्लेत, पण त्यांना ते मान्य नव्हतं. रस्त्याच्या कडेला एका गाड्याशी त्यांनी थांबवलं. हळदीच्या पिवळ्या रंगाचे दोन मऊ तळलेले ‘बारा’, त्यांच्यामध्ये रसदार छोले, वर चिंचेची चटणी, काकडी, किसलेल्या कैरीचा ‘कुचेला’ आणि मिरचीचा ठेचा. ठेचा किती हवा ते आधी सांगायचं, आणि ‘स्लाइट’ म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. सगळं एका कागदात गुंडाळून हातात देतात आणि उभ्यानेच खायचं. बाबांनी दुसरं मागून घेतलं.

शनिवार, पोर्ट ऑफ स्पेन आणि मराकास

सकाळी क्वीन्स पार्क ओव्हल, इथलं क्रिकेटचं मैदान. सामना नव्हता, फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, बाबांकडे पाहून त्याने आत सोडलं. मैदानामागे डोंगर उभे आहेत, आणि ते फोटोत दिसतात त्याहून खूप जवळ आहेत. बाबा सीमारेषेपाशी उभे राहिले आणि बोलायला लागले. मार्च १९७१, दुसरी कसोटी. वाडेकर कप्तान. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचं शतक. सलीम दुराणींनी सोबर्सना शून्यावर बाद केलं आणि लॉइडनाही काढलं, तिथे सामना फिरला. कसोटी पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा. भारताचा वेस्ट इंडीजवरचा हा पहिलाच कसोटी विजय, आणि मालिका १-० अशी जिंकली तीही याच एका विजयावर. शेवटच्या कसोटीत याच मैदानावर दातदुखीने बेजार झालेल्या गावसकरांनी १२४ आणि २२० केल्या. चार कसोटींत ७७४ धावा. त्यांच्यावर इथे कॅलिप्सो, म्हणजे इथल्या ढंगाचं गाणं, रचलं गेलं. आपल्या संघाला झोडपून काढणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराचं कौतुक गाऊन करणारे हे लोक बाबांना तेव्हापासून आवडत आले आहेत, आणि ते त्यांनी त्या रखवालदाराला सांगितलंसुद्धा.

दुपारी मराकास. उत्तर किनाऱ्याचा हा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधला. पश्चिमेच्या शागुआरामास द्वीपकल्पावर त्यांचा नाविक तळ झाला आणि शहरातल्या लोकांचे नेहमीचे किनारे बंद झाले, त्या बदल्यात हा रस्ता. डोंगर चढून घाटमाथ्यावर आलं की खाली समुद्र दिसतो. तिथल्या टपऱ्यांवर अननस आणि कैरीचा ‘चाव’ मिळतो: फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि शाडो बेनी. शाडो बेनी म्हणजे लांब पानांची, कोथिंबिरीसारख्या पण जास्त उग्र वासाची वनस्पती. या बेटावर ती नाही असा पदार्थ शोधावा लागेल.

मराकासचा किनारा रुंद, पाठीमागे माडांची रांग, आणि लाटा दणकट. पाण्याला ओढ आहे, त्यामुळे जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. शनिवारी निम्मं पोर्ट ऑफ स्पेन इथे उतरलेलं असतं. आज्ज्या पाण्यात बसलेल्या, पोरं लाटांवर आडवी पडलेली, कुणाच्या गाडीतून सोका संगीत. इथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ‘बेक अँड शार्क’, म्हणजे तळलेल्या फुगीर पावात तळलेला शार्क. शार्कची संख्या जगभर घटते आहे, म्हणून आम्ही त्याऐवजी किंगफिश मागितला. तो सुरमईच्या नात्यातला, चव तीच. वर चटण्या आपल्या आपण घालायच्या, आणि त्यातल्या हिरव्या चटणीसाठी मी पुन्हा रांगेत उभी राहिले. परतीच्या वाटेवर लास क्वेव्हासला थोडा वेळ थांबलो. किनारा जास्त शांत आणि सुंदर, पण दुपार कलली की वाळूतल्या बारीक माश्या चावून नकोसं करतात. तिथे सकाळीच जावं. आणि शहरात अंधार पडल्यावर पायी फिरू नये, हे आम्हाला प्रत्येक स्थानिक माणसाने आवर्जून सांगितलं.

रविवार, वॉटरलू, कॅरापिचायमा, कॅरोनी

शहराच्या दक्षिणेला सपाट प्रदेश लागतो. हा सगळा उसाचा मुलूख होता. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते म्हणून इंग्रजांनी भारतातून करारबद्ध माणसं आणली. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे पहिलं जहाज आलं आणि १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त लोक आले. बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कलकत्त्याच्या बंदरातून, काही मद्रासहून. आज कापायला ऊस नाही. सरकारी साखर कंपनीचं काम २००३मध्ये बंद झालं आणि पुढच्या काही वर्षांत इथली साखरच संपली. घरांच्या अंगणात बांबूंवर रंगीत झेंडे मात्र जागोजाग दिसतात. पूजा झाली की झेंडी उभारायची, ही इथली रीत.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ मी फोटोत पाहिलं होतं. पांढरं, छोटं, पाण्यात उभं. फोटोत त्याची गोष्ट दिसत नाही. सिवदास साधू हे लहानपणी आईवडिलांबरोबर भारतातून आलेले मळ्यातले मजूर. त्यांनी १९४७मध्ये किनाऱ्यावर एक छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. कंपनीने देऊळ पाडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. खटला झाला, शिक्षा झाली, देऊळ पाडलं गेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की जमिनीवर जागा मिळत नसेल तर समुद्रात बांधू, समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. मळ्यातलं काम आटोपलं की सायकलला बादल्या अडकवून ते दगड, वाळू, सिमेंट आणायचे, ओहोटीला चिखलात उतरायचे आणि पिंपांमध्ये काँक्रीट भरून पाया रचायचे. लोक हसले. त्यांनी पंचवीस वर्षं हे काम केलं. त्यांच्यामागे लाटांनी देऊळ झिजवलं. भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षं झाली त्या निमित्ताने सरकारने १९९५मध्ये ते नव्याने उभं केलं आणि तिथपर्यंत जायला पक्की वाट बांधली.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना करडा चिखल, त्यात खेकड्यांची बिळं. ही मुंबईच्या चौपाटीसारखी वाळू नाही. घोटा रुतेल असा गाळ आहे. एका माणसाने इथे काँक्रीट वाहून आणलं होतं, हे त्या चिखलाकडे पाहिल्यावर कळतं. शेजारीच हिंदूंची स्मशानभूमी आहे आणि त्या दिवशी तिथे एक चिता पेटलेली होती. ड्रायव्हर काका म्हणाले, ‘माझ्या आजीला इथेच आणलं होतं. ती आयुष्यभर ऊस तोडत आली.’ देवळाच्या दारात साधूंचा पुतळा आहे. आत जाण्याआधी बाबांनी त्या पुतळ्याला नमस्कार केला. कॅरिबियनच्या जाहिरातींत समुद्र नेहमी सुट्टीवर आलेल्यांचा असतो. इथे तो जमीन नाकारल्या गेलेल्या एका मजुराचा आहे, आणि मला वाटतं की हे पाहिल्याशिवाय या बेटावरून कुणी परत जाऊ नये.

तिथून जवळच कॅरापिचायमाला ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचं मंदिर. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या आश्रमाशी जोडलेलं हे केंद्र, बांधणी दक्षिणी. आवारात शिरताच बाबा ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणायला लागले आणि हनुमानाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांनी मागे वळून पाहिलं. त्यातली एकजण त्यांच्याबरोबर म्हणू लागली. ती त्रिनिदादची, भारतात कधी गेलेली नाही.

चार वाजता कॅरोनीच्या खारफुटीत. सपाट तळाची लांब बोट गढूळ कालव्यांतून हळूहळू जाते. नावाड्याने डोक्यावरच्या फांदीवर वेटोळं घालून पडलेला, अजगरासारखा दिसणारा बोआ साप दाखवला, तो तिथे आहे हे सांगूनही बराच वेळ दिसेना. मग उघड्या पाण्यात येऊन, समोरच्या खारफुटीच्या बेटाकडे तोंड करून बोट थांबली. सूर्य कलायला लागला तसे ते आले. आधी दोन-चार, मग थव्यांनी. लाल अवाक, इंग्रजीत स्कार्लेट आयबिस, हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. रंग चोचीपासून शेपटीपर्यंत एकसारखा लालभडक नाही; पंखांची टोकं काळी असतात आणि पंख हलला की ती कडा उघडझाप करते. पिल्लं करड्या रंगाची. खेकडे आणि कोळंबीतल्या रंगद्रव्यांनी ती वाढता वाढता लाल होतात. पूर्वी यांची मांसासाठी शिकार होत असे. २०१८मध्ये कायद्याने कडक संरक्षण मिळालं आणि एका पक्ष्यासाठीही १ लाख त्रिनिदादी डॉलरपर्यंत दंड ठेवला गेला. नवऱ्याने दुर्बीण खाली ठेवली नाही. निघेपर्यंत समोरचं हिरवं बेट अर्धं लाल झालं होतं.

सोमवार, ला ब्रेआ

नैऋत्येला डांबराचं तळं आहे. सुमारे १०० एकरांचं, मध्यभागी २५० फूट खोल, आणि नैसर्गिक डांबराचा जगातला हा सर्वात मोठा साठा. पहिल्या नजरेला उन्हात करपलेलं पार्किंगचं आवार वाटतं. पण दोन मिनिटं एका जागी उभं राहिलं की पाऊल हळूहळू खाली जायला लागतं. वाटाड्याने एका मऊ जागी काठी घातली आणि वर उचलली, तर काळाभोर चकचकीत धागा हातभर लांब ताणला गेला आणि तुटला नाही. जिथून डांबर खणून नेतात तिथला खड्डा काही काळाने आपोआप भरतो. गंधकाचा वास असलेल्या डबक्यांत स्थानिक लोक त्वचेच्या विकारांसाठी आंघोळ करतात. १५९५मध्ये इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवून घेतल्या, आणि पुढे न्यूयॉर्क-लंडनच्या रस्त्यांनाही ते गेलं. मूळ रहिवाशांची कथा वेगळी आहे: इथल्या एका गावाने पूर्वजांचे आत्मे असलेले हमिंगबर्ड मारून खाल्ले, म्हणून देवाने ते गाव डांबरात गिळून टाकलं. वाटाड्याबरोबरच आत जावं, कारण कुठला भाग घट्ट आणि कुठला मऊ हे नवख्याला कळत नाही.

मंगळवार, ग्रँड रिव्हिएर

ईशान्य टोकाकडचा वळणावळणांचा लांब रस्ता. बाबा थकले, पण रात्री जागायला तयार होते. या छोट्याशा गावाच्या किनाऱ्यावर मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, आणि जगात फार थोड्या किनाऱ्यांवर इतकी दाटी होते. परवाना काढून, गावातल्या वाटाड्याबरोबरच जाता येतं. फ्लॅश नाही, पांढरी बॅटरी नाही, फक्त लाल दिवा.

वाळूवर ती आधी आवाजाने कळली. खोल, जड श्वास. मग लाल उजेडात पाठ दिसली, माझ्या उंचीपेक्षा लांब. लेदरबॅकला कठीण कवच नसतं. चामड्यासारखी काळी पाठ आणि तिच्यावर उभ्या सात कडा. वजन तीनशे किलोंच्या पुढे. वाटाड्याने आम्हाला मागे बसवलं. मागच्या पायाने ती खड्डा खणत होती, आणि ते काम मी आजवर पाहिलेल्या सगळ्यात नाजूक कामांपैकी एक होतं. एक पाय आत जायचा, त्याची कड वळून वाडगा व्हायचा, मूठभर वाळू वर यायची, बाजूला अलगद ठेवली जायची. मग दुसरा पाय. तिला ते दिसत नव्हतं, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खड्डा पुरेसा खोल झाल्यावर अंडी पडू लागली, पांढरी, ओली, दोन-दोन, तीन-तीन. शेवटी काही लहान, ज्यांतून पिल्लू होत नाही. डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत होतं. ते रडणं नव्हे, शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकण्याची सोय आहे, असं वाटाड्याने सांगितलं. मग तिने वाळू ओढली, दाबली, आणि जागा ओळखू येऊ नये म्हणून सगळीकडे वाळू उधळून, दमत दमत पाण्याकडे गेली.

पूर्वी या किनाऱ्यांवर कासवं सर्रास मारली जात. १९९०च्या दशकापासून गावकरीच पहारा करू लागले, आणि आता गावाचं उत्पन्न याच पाहुण्यांवर आहे. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना मी पाहिली आहेत. तिथेही काम उभं राहिलं ते गावकऱ्यांनी मनावर घेतलं म्हणूनच.

पहाटे पुन्हा गेलो. एका कासवाने दुसऱ्याचं घरटं नकळत उकरलेलं होतं आणि काळी गिधाडं फुटलेल्या अंड्यांवर बसली होती. गर्दी जास्त, किनारा अपुरा. हेही पाहायलाच हवं.

बुधवार

टोकोच्या टोकावर दीपगृह आहे. इथे अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्र भेटतात, आणि वारा उभं राहू देत नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भालाफेकीचं सुवर्ण जिंकणारा केशॉर्न वॉलकॉट टोकोचाच. दीपगृहाला आता त्याचं नाव आहे. संध्याकाळच्या विमानाने टोबॅगो, याच देशाचं दुसरं बेट. उड्डाण अर्ध्या तासाचंही नाही. बोटही आहे, ती तीन-साडेतीन तास घेते आणि ती हलते फार.

गुरुवार, पिजन पॉइंट आणि बक्कू

ज्या निळ्या समुद्रासाठी लोक कॅरिबियनला येतात तो इथे आहे. त्रिनिदादच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याला ओरिनोको नदीचा गाळ येतो, त्यामुळे पाणी हिरवट-गढूळ. टोबॅगोला पाणी नितळ. माणसंही वेगळी. इथली वस्ती मुख्यतः आफ्रिकी वंशाची, बेट डच, फ्रेंच, इंग्रज यांच्यात तीसहून जास्त वेळा हस्तांतरित झालेलं. पिजन पॉइंटचा गवती छपराचा धक्का सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. प्रवेशाला पैसे पडतात, गर्दी असते, आणि तरीही जावं. बाबा दिवसभर बदामाच्या झाडाखाली पाण्यात पाय सोडून बसले.

आम्ही काचेच्या तळाच्या बोटीने बक्कूच्या प्रवाळाकडे गेलो. १९७३पासून हे संरक्षित क्षेत्र आहे, पण अनेक वर्षं लोक प्रवाळावर चालत आले. बराचसा भाग मोडून करडा पडलेला काचेतून स्पष्ट दिसतो. जांभळे पंखे, पोपटमासे, मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ अजून आहेत. कुणी ‘इथे उभे राहा’ म्हटलं तरी प्रवाळावर पाय ठेवू नका. पुढे नायलॉन पूल, म्हणजे भर समुद्रात कमरेइतकं पाणी आणि पांढरी वाळू. हे नाव १९६२मध्ये राजकन्या मार्गारेटने दिलं असं सांगतात.

शुक्रवार, मेन रिज

१३ एप्रिल १७७६ रोजी टोबॅगोच्या कण्यावरचं जंगल कायद्याने राखून ठेवलं गेलं. कारण स्पष्ट नोंदलेलं आहे: झाडं तोडली तर पाऊस कमी होईल. भोवती सगळे उसाचे मळे आणि गुलामांच्या श्रमावर चाललेला व्यापार, त्यात एवढी समज कुणाला तरी होती. पश्चिम गोलार्धातलं कायद्याने राखलेलं हे सर्वात जुनं जंगल मानतात. १९६३च्या ‘फ्लोरा’ वादळाने ते उद्ध्वस्त केलं, तरी ते पुन्हा वाढलं. गिल्पिन वाटेवर बूट चिखलाने भरले आणि नवऱ्याला पांढऱ्या शेपटीचा सेबरविंग हमिंगबर्ड दिसला. त्या वादळानंतर तो टोबॅगोतून नाहीसा झाला असंच समजत होते. उतरताना इंग्लिशमन्स बे: चंद्रकोरीसारखा किनारा, मागे थेट जंगल, हॉटेल एकही नाही. माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात देखणा किनारा हाच. मुक्काम कास्तारात केला.

शनिवार, कास्तारा

सकाळी शंख फुंकल्याचा आवाज आला आणि गावातली माणसं वाळूकडे निघाली. कोळ्यांनी होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडलं होतं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर. मालवणची रापण डोळ्यांसमोर उभी राहिली: तेच लांबच लांब जाळं, तीच दोन टोकांना लागलेली माणसं, पाय रोवून मागे मागे जाणं. कुणी बोलवायची वाट पाहायची नसते. आम्ही दोर धरला. ओला दोर तळहात सोलतो, आणि जाळं जवळ येतं तसं ओढणं जड होत जातं. बाबांनीही हात लावला. एका पोराने त्यांना ‘ग्रँडपा, इथे धरा’ म्हणून आपल्या पुढे घेतलं. जाळं वर आलं तेव्हा पेलिकन पक्षी त्यावर तुटून पडले होते आणि आत चांदीसारखे जॅक मासे उसळत होते. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, पाहुण्यांनासुद्धा. आमच्या वाट्याचे मासे पिशवीत घालून देताना कोळ्याने विचारलं, ‘साफ करता येतात ना?’ मी हो म्हटलं. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी सुरी दिली, लिंबू दिलं आणि शाडो बेनीची जुडी दिली. हळद आणि तिखट आमच्याकडे होतंच.